९ आठवड्यांचं पिल्लू: ताटलीजवळ कोणी गेलं की ताठ होतंय, आत्तापासून काय करावं?

मळ्यातली_सून
नमस्कार मंडळी. सांगलीपासून थोडं बाहेर मळ्यात राहतो. जतकडून कारवानी जातीचं पिल्लू आणलंय (पूर्ण शुद्ध नसावं). नर आहे, ९ आठवड्यांचा, वजन ५ किलो. दिवसातून दोनदा दूध-भाकरी आणि संध्याकाळी पिशवीतलं कोरडं खाद्य भिजवून देतो. जेवण पडवीत, स्टीलच्या ताटलीत.

खाताना कोणी जवळ गेलं की त्याची शेपूट थांबते, मान ताटलीत आणखी खाली जाते आणि ते भराभर गिळायला लागतं. माणसावर अजून गुरगुरलेलं नाही. शेजारच्या वस्तीवरच्या कोंबड्या येतात, त्यांच्यावर मात्र दोनदा गुरगुरलं. घरात ४ आणि ८ वर्षांची मुलं आहेत, म्हणून काळजी.

आजेसासूबाई म्हणतात, खाताना ताटलीत हात घालत राहा, सवय होईल. दीर म्हणतात, मधेच ताटली उचलायची, म्हणजे मालक कोण ते कळतं. दोन्हींतलं बरोबर काय? आणि एक अडचण: आमच्या घरात अंडं-मांस चालत नाही. पिशवीतलं खाद्य पडवीत चालवून घेतलंय, तेवढंच. त्यामुळे बक्षीस म्हणून चिकन द्या असं सांगू नका.

शेपूटवाकडी
ताई, तुम्ही लक्षणं अगदी नेमकी टिपलीत. बऱ्याच घरांत गुरगुर ऐकू आल्यावरच लक्ष जातं, पण गुरगुर ही बरीच पुढची पायरी. त्याआधी शेपूट थबकते, चघळणं थांबतं, मान खाली जाते, अंग ताटलीवर आडवं येतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. पुढे ओठ उचलणं, गुरगुर, हवेत दात वाजवणं आणि शेवटी चावा. तुमचं पिल्लू सुरुवातीच्या पायऱ्यांवर आहे आणि वय ९ आठवडे. याहून चांगली वेळ मिळणार नाही. माणसांबद्दलची मतं पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांत पक्की करत असतं.

आजेसासूबाई आणि दीर, दोघांच्या सल्ल्यात एकच खोट आहे. खाणाऱ्याच्या ताटात हात आला की त्याला कळतं ते एवढंच, की जेवताना माणूस आला म्हणजे काहीतरी जातं. आपल्याला शिकवायचंय उलटं: पावलं वाजली की ताटलीत भर पडते. बाकी सगळी पद्धत याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी दोन दिवस नुसतं बघा. पडवीत शहाबादी असेल तर फरशा मोजा, साधारण २ फुटी असतात. नेहमीचं जेवण ठेवा, लांब जा आणि सरळ त्याच्या अंगावर न जाता बाजूने चालत जा. कुठल्या फरशीवर शेपूट थांबते? समजा दुसऱ्या फरशीवर थांबली, तर काम चौथ्या फरशीवरून सुरू करायचं. म्हणजे ८ फूट. हे लांब वाटतं आणि इथेच माणसं उतावीळ होतात.

मग असं करा. दिवसातल्या एकाच जेवणाला, ताटलीत साधं खाणं असताना, चौथ्या फरशीवरून चालत जा, न थांबता त्याहून चांगला एक तुकडा हात खालून फिरवून ताटलीकडे टाका आणि तसेच पुढे निघून जा. मिनिटभराने पुन्हा. एका जेवणात ५-६ फेऱ्या, जास्त नाहीत. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. नेम चुकून तुकडा भलतीकडे पडला तर पडू द्या, उचलायला वाकू नका. वाकून हात पुढे केलात की तिथेच हिशेब उलटा फिरला.

बक्षिसाचं म्हणाल तर पनीर उत्तम चालतं. बिनमिठाचं घ्या, बारीक तुकडे करून कोरड्या तव्यावर मिनिटभर परता, म्हणजे बोटांना चिकटत नाहीत आणि वास सुटतो. कुत्र्याला वासच जास्त कळतो. अट एकच: तुकडा ताटलीतल्या खाण्यापेक्षा वरचढ हवा. ताटलीत भिजवलेलं खाद्य आणि तुम्ही टाकताय त्याच खाद्याचा दाणा, यातून पिल्लू काही शिकत नाही.

पुढची फरशी कधी गाठायची? लागोपाठ ३ जेवणांत पावलं ऐकून त्याने मान वर केली, शेपूट सैल हलली आणि "आता काय पडतंय" अशा तोंडाने तुमच्याकडे पाहिलं, की अर्धी फरशी जवळ या. मान वर झाली पण अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं असेल तर ते आनंदाने बघणं नव्हे, पाळत आहे. अर्धी फरशी मागे जा. एखाद्या दिवशी मागे जावं लागलं तर काही बिघडत नाही. पुढे ढकलल्याने बिघडतं.

ताटलीपर्यंत पोचलात की पायऱ्या अशा: उभ्यानेच तुकडा ताटलीत टाकून निघून जाणं, मग किंचित वाकून टाकणं, मग एका हाताने ताटलीच्या काठाला बोट लावून दुसऱ्या हाताने टाकणं. प्रत्येक पायरीला निदान ३-४ दिवस. ताटली उचलून त्यात पनीर घालून ३ सेकंदांत परत ठेवणं ही सगळ्यात शेवटची पायरी, आणि तीही आठवड्यातून एखाद्या वेळी. रोज ताटली उचलण्याचा सराव करून काही जास्तीचं मिळत नाही.

कुठे फसतं तेही सांगते. सगळ्यात मोठी चूक क्रमाची. माणसं आधी डबा वाजवतात किंवा तुकडा दाखवतात, मग चालत जातात. पिल्लू मग डब्याची वाट बघायला शिकतं आणि डबा नसलेल्या माणसावर पूर्वीसारखंच ताठ होतं. आधी पावलं, मग तुकडा. तुकडे खिशात किंवा मुठीत आधीच असू द्या, हात शेवटच्या क्षणी हलू द्या.

दुसरी चूक म्हणजे खाताना कुरवाळणं. तुम्ही भाकरी मोडत असताना कोणी डोक्यावरून हात फिरवत राहिलं तर? तिसरी, प्रत्येक जेवणाला फेऱ्या घालणं. दिवसातली बाकीची जेवणं त्याने एकट्याने, निवांत खाल्ली पाहिजेत, नाहीतर त्याला जेवण म्हणजे रहदारीच वाटेल.

आणि माणूस बदलला की पुन्हा चौथी फरशी. तुमच्याशी सैल झालं म्हणून दिरांशी होईल असं नाही. खाणं बदललं तरी तेच: दूध-भाकरीवर सुधारलेलं पिल्लू भिजवलेल्या खाद्यावर पुन्हा ताठ होऊ शकतं, तेव्हा एक-दोन फरशा मागून सुरू करा.

तुमच्यासारख्या सुरुवातीच्या अवस्थेत रोज एक जेवण या हिशेबाने साधारण ३-४ आठवडे धरा.

हळदपेठ
एवढं शास्त्र कशाला? शेतावरचं कुत्रं आहे, त्याला फरशा मोजून पनीर? लहानपणीच ताटात हात घालायचा, गुरगुरलं तर मान धरून खाली दाबायचं, दोनदा केलं की जन्मात गुरगुरत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय.

शेपूटवाकडी
दादा, "जन्मात गुरगुरत नाही" हे खरं आहे आणि तोच धोका आहे. मान दाबल्यावर गुरगुर जाते, धास्ती जात नाही. उलट वाढते, कारण जेवताना माणूस आला की ताटही जातं आणि मारही बसतो हे आता सिद्ध झालं. उरतं असं कुत्रं की जे काही न सांगता थेट दात लावतं. "काल-परवापर्यंत काही नव्हतं, एकदम चावलं" ही तक्रार अशाच घरांतून येते. गुरगुर म्हणजे सायकलची घंटी. घंटी काढून टाकली म्हणून धडक टळत नाही.

ताटात हात घातलेली सगळीच कुत्री बिघडतात असं नाही, हेही मान्य. पुष्कळ कुत्री मुळातच शांत असतात, काहीही केलं तरी सोसून घेतात, आणि मग श्रेय हात घालण्याला मिळतं. पण जे पिल्लू ९ आठवड्यांत ताठ होतंय ते त्या सोशिक गटातलं नाही, हे त्याने स्वतःच सांगितलंय.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कुत्रेपालकांना प्रश्न विचारून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जेवताना ताटली काढून घेण्याची सवय असलेल्या घरांत राखण (खाण्याजवळ कोणी आलं की ताठ होणं, गुरगुरणं, चावणं) जास्त तीव्र दिसली. जेवताना चांगलं काही वाढणाऱ्या आणि तोंडातली वस्तू सोडायला शिकवणाऱ्या घरांत कमी. अर्थात अशा पाहणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. कुत्रं गुरगुरतं म्हणून माणसं ताटली काढू लागली असतील, असंही असू शकतं. पण ताटली काढून घेण्याने फायदा होतो असं त्यात दिसलं नाही.

माणदेशी_वाट
वरची पद्धत बरोबर आहे, मी दुसऱ्या बाजूने लिहितो. राखण करणाऱ्या पिल्लाचं आधी पोट आणि जागा तपासायची. ते उपाशी असेल तर फरशा मोजून काय होणार?

मळ्यातली_सूनताई, ९ आठवड्यांच्या पिल्लाला ३ वेळचं जेवण कमी पडतं. ४ महिन्यांपर्यंत ४ वेळा द्या, समजा सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री ९. मग ६ महिन्यांपर्यंत ३ वेळा, पुढे २ वेळा. ५ किलोच्या या वयाच्या पिल्लाला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात (विश्रांतीची गरज २३० च्या आसपास, ४ महिन्यांखाली तिच्या तिप्पट). दूध-भाकरीने पोट फुगतं, पण प्रथिनं आणि कॅल्शियम पुरत नाही, शिवाय दुधाने पुष्कळ पिल्लांना पातळ होतं. कारवानीसारख्या लांब हाडाच्या पिल्लाला हे जास्त जाचतं. तेव्हा ४ पैकी निदान ३ जेवणं पिल्लांसाठीच्या पूर्ण आहाराच्या कोरड्या खाद्याची असू द्या, प्रमाण पिशवीवरच्या तक्त्यातून घ्या, आणि दर आठवड्याला वजन करा. पाठीवरून हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत. ही जात अंगाने सडपातळच असते, त्यामुळे लठ्ठ करायच्या मागे लागू नका.

बक्षिसाचे तुकडे दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात बसवा. ७० कॅलरी म्हणजे साधारण २५ ग्रॅम पनीर. अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमचे तुकडे केले तर ५० होतात; ६ फेऱ्या आणि बाकीचा खेळ धरून पुरून उरतात.

जंत. जतकडून आणलंय म्हणता, तिथे औषध दिलं होतं का ते विचारा. आईच्या पोटातून आणि दुधातून गोलजंत पिल्लात येतातच. २ आठवड्यांपासून १२ आठवड्यांपर्यंत दर १५ दिवसांनी आणि मग ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचं औषध, वजनाप्रमाणे, डॉक्टरांकडून. पोट ढोलासारखं आणि पाठीचा कणा वर आलेला, असं पिल्लू कितीही खायला घातलं तरी वखवखलेलंच राहतं. तुमच्या मुलांसाठीही हे महत्त्वाचं आहे, गोलजंत माणसाच्या मुलांना बाधतात.

आता जागा. कोंबड्या हा तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग आहे असं माझं मत. दिवसातून तीनदा चोची मारणारे चोर ताटलीभोवती फिरत असतील तर पिल्लू राखण शिकणारच, आणि कोंबडीवर घोटलेली गुरगुर पुढे माणसावर यायला वेळ लागत नाही. शेजाऱ्यांना सांगून त्या वेळेपुरत्या कोंबड्या डालग्याखाली ठेवता आल्या तर उत्तम. नाहीतर पडवीचा एक कोपरा बाज आडवी उभी करून बंद करा आणि पिल्लाची पाठ भिंतीकडे, तोंड मोकळ्या बाजूला येईल अशी ताटली ठेवा. मागून कोणी येणार नाही हे दिसलं की अर्धी घाई तिथेच कमी होते. मांजराचं खाणं वेगळीकडे, उंचावर.

स्टीलची ताटली फरशीवर सरकते. पिल्लू चाटतं, ताटली पळते, पिल्लू तिच्यामागे पंजा टाकून धावतं. आधीच घाईवर आलेल्या जिवाला ही आणखी एक झटापट. खाली गोणपाटाची घडी टाका, नाहीतर जड बुडाचं भांडं घ्या.

बाजार_कट्टा
तासगावकडची मंडळी हे वाचत असतील तर एक सांगून ठेवतो: बक्षीस म्हणून बेदाणा किंवा द्राक्ष चुकूनही नको. आपल्या जिल्ह्यात घरोघरी पसरलेला असतो, मुलं सहज टाकतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते विष आहे आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. एकाला चार दाण्यांनी बाधतं, दुसऱ्याला मूठभर खाऊनही काही होत नाही. खाल्लं असेल तर उलटी-जुलाबाची वाट न बघता डॉक्टरकडे. कांदा-लसणाची आमटी-रस्सा, चॉकलेट, बिनसाखरेच्या गोळ्या-च्युइंगममधलं झायलिटॉल, हेही कुत्र्याला विषारीच. साताऱ्याचे कंदी पेढे विष नाहीत, पण साखर आणि तूप बघता पिल्लाच्या पोटाला नकोतच.

मळ्यातली_सून
सगळ्यांचे आभार. आज फरशा मोजल्या, तिसऱ्या फरशीवर शेपूट थांबते. म्हणजे पाचवीवरून सुरुवात. जंताचं औषध एकदाच झालंय, उद्या दवाखान्यात नेतो.

आणखी तीन गोष्टी विचारते. मुलांनी यात भाग घ्यायचा का? काल त्याने मक्याचं दाणे काढलेलं कणीस उचललं, आम्ही मागे धावलो तर बाजेखाली जाऊन बसलं आणि पहिल्यांदाच माणसावर गुरगुरलं. तेव्हा काय करायचं होतं? आणि गुरगुरल्यावर आपण मागे सरकलो तर "गुरगुरलं की माणूस पळतो" असं ते शिकणार नाही का?

शेपूटवाकडी
शेवटचं आधी. गुरगुरल्यावर थांबा, नजर बाजूला करा, सावकाश मागे या. त्या एका वेळी ते जिंकलं असं वाटेल, वाटू द्या. गुरगुर ही हट्टापायी नसते, धास्तीतून येते, त्यामुळे धास्ती उतरली की तिची गरज उरत नाही. पण पुढच्या वेळी त्याच अंतरावर, त्याच वस्तूपाशी तेच घडू देऊ नका. गुरगुर म्हणजे आपण दोन फरशा जास्त पुढे गेलो होतो, एवढीच नोंद घ्यायची. रोज गुरगुर आणि रोज माघार असं चालू राहिलं तर मात्र तुमची शंका खरी ठरेल.

कणीस. धावणं हीच चूक झाली, आणि ती सगळ्यांकडून होते, कारण कणसाचा तुकडा गिळला तर आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेवर जातं. आंब्याच्या कोयीचंही तेच. त्यामुळे अशा जिवावरच्या वस्तूला वेगळा नियम: पनीराचे ८-१० तुकडे त्याच्यापासून ५-६ फुटांवर, वस्तूच्या उलट दिशेला विखरून टाका. ते उठून वेचायला गेलं की आणखी चार तुकडे पुढे टाकत दाराबाहेर न्या, दार लावा, मग वस्तू उचला. त्याच्या डोळ्यांदेखत उचलू नका. आणि मुळात मळा आहे, तर कणसं-कोयी टाकायची पाटी झाकणाची असू द्या.

चप्पल, दोरी, चिंधी अशा निरुपद्रवी वस्तूंवर रोज ५ मिनिटं देवघेव शिकवा. त्याला फारशी न आवडणारी वस्तू द्या, चार-पाच सेकंद खेळू द्या. पनीराचा तुकडा त्याच्या नाकापासून फूटभर अंतरावर जमिनीवर ठेवा, तोंडात कोंबू नका. त्याने वस्तू सोडून तुकडा घेतला की तुम्ही वस्तू हातात घ्या आणि लगेच परत द्या. ही परत देण्याचीच गोष्ट खरी. ४ पैकी ३ वेळा वस्तू परत मिळाली पाहिजे, मग सोडायला त्याला काही वाटत नाही. २०-२५ वेळा हे सहज झालं की तुकडा ठेवण्याच्या क्षणभर आधी "दे" म्हणायला लागा. शब्द आधी, तुकडा नंतर. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा. तुम्ही "दे", दीर "सोड" आणि मुलं "टाक टाक" म्हणत असाल तर त्याला तिन्ही कळणार नाहीत. आवडत्या वस्तूंकडे हळूहळू जा, एका उडीत नको.

मुलं. ४ वर्षांच्याने या कामात अजिबात यायचं नाही. पिल्लू जेवत असताना ते बाजेच्या पलीकडे, मोठ्या माणसाच्या हाताशी. त्याला एकच नियम शिकवा: तो जेवतोय तेव्हा तो दिसत नाही असं समजायचं. त्या वयाच्या मुलाकडून नियम पाळला जाईल यावर मात्र विसंबू नका, अडसर हवाच. ८ वर्षांच्याला घेता येईल, पण मोठ्या माणसाशी पिल्लू ताटलीपर्यंत सैल झाल्यावर. त्याने बाजेच्या अलीकडून, पाचव्या फरशीवरून, तुम्ही शेजारी उभ्या असताना तुकडा टाकायचा आणि वळून जायचं. वाकणं, ताटलीला हात लावणं हे भाग मुलांच्या वाट्याला नाहीतच.

उलटी बाजूही बघा. मुलं हातात पोळीची सुरळी घेऊन पडवीत फिरतात तेव्हा ती पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर असते. हिसकाहिसकीची पहिली शिकवण तिथून मिळते. मुलांनी खाताना वर बसावं किंवा पिल्लू बाजेपलीकडे असावं.

माणदेशी_वाट
त्यात एक भर. सरावात किंवा खेळात दात लागून रक्त आलं, तर "पिल्लूच आहे, काय होतंय" असं कोणी म्हणेल, ऐकू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा (घड्याळ लावून, १५ मिनिटं फार मोठी असतात), हळद-चुना-तेल काही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. पिल्लाची रेबीजची पहिली लस साधारण ३ महिन्यांना असते, म्हणजे तुमच्याला अजून झालेली नाही. माणसाच्या लशीच्या तारखा दवाखाना सांगेल, त्वचेत द्यायची पद्धत असेल तर ०, ३, ७ आणि २८ वा दिवस. रक्त आलेल्या जखमेला लशीबरोबर सीरमही लागतं, ते आवर्जून विचारा. पिल्लाला १० दिवस नजरेखाली ठेवा.

आणि एक वेळापत्रकाचं. ४ ते ६ महिन्यांत दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात, तेव्हा सुधारलेलं पिल्लू चघळायच्या वस्तूंवर पुन्हा ताठ होऊ शकतं. आठवडाभर दोन फरशा मागे जाऊन काम करा. पण सगळं नीट चाललेलं असताना अचानक, एका दिवसात जेवणावर चिडचिड सुरू झाली तर आधी कान, तोंड, पोट तपासून घ्या. दुखणारं जनावर जवळ येऊ देत नाही, त्याला शिकवणी लावून उपयोग नाही. दात लावायला लागलंच, आणि जवळच्या डॉक्टरांना वर्तनाचा भाग जमत नसेल, तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येईल.

हळदपेठ
बरं, मान दाबायचं मागे घेतो. पण एक विचारतो: आमच्याकडे दोन आहेत, मोठी कुत्री आणि तिचं ४ महिन्यांचं पिल्लू. दोघांना एकाच परातीत वाढतो. माणसाला काही नाही, एकमेकांवर डाफरतात. त्यालाही फरशा?

शेपूटवाकडी
नाही दादा, तिथे फरशा नकोत, दोन ताटल्या हव्यात. एका परातीत वाढणं म्हणजे रोज शर्यत लावणं. दोन वेगळ्या जागा ठरवा, मधे दार किंवा निदान १०-१२ फूट आणि आडोसा. मोठीला आधी वाढा, मग पिल्लाला, रोज त्याच क्रमाने, त्याच जागी. ज्याचं आधी संपतं ते दुसऱ्याच्या ताटलीकडे निघतं, तिथेच भांडण पेटतं, म्हणून दोघांचं होईपर्यंत तिथे उभे राहा किंवा दार बंद ठेवा. पिल्लू भराभर गिळत असेल तर त्याच्या ताटलीत तोंडात मावणार नाही एवढा एक गुळगुळीत गोटा ठेवा, त्याच्याभोवतीनं खाताना वेग आपोआप कमी होतो.

रिकामी ताटली तिथेच पडू देऊ नका, कुत्री रिकामी ताटलीही राखतात. मात्र ती उचलायची दोघं अंगणात गेल्यावर, आणि परात आता पीठ मळायला परत घ्या.

मळ्यातली_सून
आजचा पहिला दिवस. पाचव्या फरशीवरून ६ फेऱ्या. पहिल्या दोन वेळा तुकडा त्याला दिसलाच नाही, तिसऱ्यापासून मान वर झाली. पाचव्या फेरीला ताटली सोडून माझ्यामागे बाजेपर्यंत आलं. हे बरोबर की चूक?

शेपूटवाकडी
बरोबर. ताटली सोडून माणसामागे येणारं पिल्लू राखण करत नसतं. फक्त तिथे हातातून तुकडा देऊ नका, नाहीतर ते जेवण टाकून मागायला शिकेल. बाजेपलीकडे जाऊन उभ्या राहा, त्याच्याकडे बघू नका. ते परत ताटलीकडे वळून खायला लागलं की पुढची फेरी. आणि उद्या तुकडे किंचित मोठे करा किंवा फरशीवर उठून दिसतील असे टाका, पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या त्या त्यामुळेच. शहाबादीच्या काळपट रंगावर तव्यावर लाल झालेलं पनीर दिसत नाही, पांढरंच राहील इतपत परता.